वागवलेलं लेकरू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ताईच्या सातवीच्या परीक्षेच्या दिवशी मला ताप नव्हता. काखेत कांदा दाबून मी अंथरुणात पडलो होतो. आमच्या घरात तो दिवस 'विजू तापला तो दिवस' म्हणून राहिला आणि मी तो तसा राहू दिला. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेवढंच असतं तर मी आज कागद पुढं ओढला नसता. नऊ वर्षांच्या पोराला कुणीही माफ करतं, आणि मीही स्वतःला फार लवकर माफ केलं होतं. पण त्याच दिवसाबद्दल पन्नाशी जवळ आल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. ती मोठ्या माणसानं, शुद्धीवर असताना केलेली आहे. ती शेवटी सांगतो. आधी घर सांगतो, कारण माझा राग एकट्या माझ्यावर नाही.

मी बुलढाण्याला एका अध्यापक विद्यालयात शिकवतो. होऊ घातलेल्या गुरुजींना आणि बाईंना दरवर्षी 'बालसंगोपन' शिकवावं लागतं. फळ्यावर मोठ्या अक्षरात शब्द लिहायचा, खाली आहार, आरोग्य, माया, शिस्त असे रकाने पाडायचे, पोरापोरींनी ते उतरवून घ्यायचे. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातली, जळगाव जामोदकडची एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, संगोपन म्हंजे वागोनंच ना? मी माह्या दोन भावायले वागोलं." वर्ग हसला. मीही हसलो. वर म्हणालो, "पेपरात असं लिहू नका, तो बोलीतला शब्द आहे." ती खाली बसली. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा समोर आला, तो तसाच ठेवून मी पंख्याखाली जाऊन बसलो. कुणीतरी विचारलं, बीपी वाढलं का. मी हो म्हणालो. खोटं बोलायची मला सवयच आहे.

पुण्याकडचा माणूस ओझं वागवतो, फार तर पाहुण्याला नीट वागवतो. आमच्याकडं लेकरू वागवतात. म्हणजे ते दिवसभर कडेवर घ्यायचं, भरवायचं, त्याचं हगणंमुतणं काढायचं, निजवायचं, ते रडलं की त्याच्याऐवजी शिव्या आपण खायच्या. हे आई करत नाही. आई शेतात असते. वागवते ती थोरली पोरगी, आणि तीही स्वतः अजून लेकरूच असते. "ही शाळेत काऊन येत नाई?" "लेकरू वागवाले हाये ना घरी." संपलं. या उत्तरापुढं मास्तर, सरपंच, गावात आलेला साहेब, कुणीच पुढचा प्रश्न विचारत नसे. दारात ताप फणफणलेला माणूस आहे असं सांगितल्यावर जशी माणसं मागं फिरतात, तशी ती मागं फिरत. एखाद्या पोरानं भावंड वागवायला शाळा सोडली असं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझे बाबा स्वतः गुरुजी होते. त्यांच्याच घरात त्यांच्याच पोरीनं शाळा सोडली, आणि ते तीन कोसांवरच्या गावी सायकल मारत दुसऱ्यांच्या पोरी शिकवायला जात राहिले.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला. उत्तरेकडं तोंड करून उभं राहिलं की डोंगराची निळी रेघ दिसे. घर दोन खोल्यांचं, मातीचं, पुढं ओटा, ओट्यापाशी बाबांची सायकल. तीन एकर कोरडवाहू आणि विहिरीखाली एक तुकडा, त्यात गहू आणि कांदा. माय पहाटे भाकरी थापायची. तिच्या हाताचा थपथप आवाज आणि बाबांचं बुद्धवंदना म्हणणं, दोन्ही एका लयीत चालायचं, आणि त्या दोन्हींच्या मधून माझं रडणं. ते थांबवायचं काम रत्नाताईचं. मी झालो तेव्हा ती दुसरीत होती. माय महिन्याभरात शेतात निंदायला गेली आणि मी ताईच्या कडेवर गेलो. मला माझ्या आयुष्यातला पहिला वास आठवतो तो तिच्या मानेचा. खोबरेल तेल, धूर आणि घाम. मायच्या अंगाचा वास मला आठवत नाही. हे लिहायला नको होतं कदाचित, पण खरं तेच आहे.

दोन वर्षं ती मला घेऊन शाळेत गेली. मास्तरांनी तिला दाराशी बसायला सांगितलं होतं, पोरगं रडलं की उठून बाहेर जायला सोपं पडावं म्हणून. मी पाटीवरची लेखणी चघळायचो, ओल्या हातानं तिची गणितं पुसायचो. मी रडलो की ती मला कडेवर टाकून लिंबाखाली जायची, आणि आतून पोरांचा पाढ्यांचा गलका आला की तिथूनच ओरडून त्यांच्यात सूर मिसळायची. हे मला तिनंच सांगितलंय, हसत हसत. "तुले घेऊन मी बाहेरूनच शिकली रे. खिडकीतून." आजही ती चालते तेव्हा तिचं डावं अंग कललेलं असतं, कमरेचं हाड बाहेर काढून. तिथं आता कुणी बसलेलं नसतं. डॉक्टर म्हणाले, लहानपणी वजन उचललं असेल. मी तिथंच उभा होतो. ते वजन काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

चौथी झाली आणि माझ्या पाठचा दिलीप जन्मला. मग शाळा सुटलीच. कुणी ठरवलं असंही नाही. एक दिवस ती गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, मग दप्तराची पिशवी कांदे आणायला लागली. जयंतीला चौकात मांडव पडे, निळ्या पताका लागत, आणि बाबा भाषणाला उभे राहत. मुलींच्या शिक्षणावर त्यांच्यासारखं बोलणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. आवाज चढे, गळा भरून येई, म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत. ताई दिलीपला कडेवर घेऊन मागच्या रांगेत उभी असे. एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणून ती मोकळा हात मांडीवर मारायची. तिला बाबांचा फार अभिमान होता. मला तो आवाज आठवतो आणि आज असं वाटतं, त्या मांडवात उठून कुणीतरी विचारायला हवं होतं, गुरुजी, तुमची पोरगी कितवीत आहे? कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या उत्तरात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

ज्यांना वावगं दिसलं त्या एकच बाई. आमच्या गावच्या शाळेवर त्या जळगाव जामोदहून एस.टी.नं यायच्या. वयानं लहान होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी ताईला घरीच सातवीची पुस्तकं आणून दिली, तिचं नाव पटावर लावून घेतलं, आणि एका रविवारी सरळ ओट्यावर येऊन बसल्या.

"गुरुजी, पोरीले परीक्षेले बसवा. सातवी झाली की पुढं बालवाडीचं शिक्षण घेता येते बुलढाण्याले. तिथं राहाची सोय हाये. नोकरी लागते."

माय भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "नोकरी काय लेकरं वागवाचीच ना बाई? ते तर रत्ना घरी करूनच राह्यली."

"घरी करते ते फुकट करते," बाई म्हणाल्या. "तिथं पगार भेटीन."

मायनं पातेलं असं आपटलं की दिलीप दचकून रडायला लागला आणि ताई त्याच्याकडं धावली. बाबांना मात्र नाही म्हणता येईना. भाषणं अंगाशी आली होती. ते म्हणाले, "बसू द्या. काय हरकत हाये."

त्या हिवाळ्यात ताई बदलली. भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे. जेवायला वाढताना ती माझ्याकडं न बघता वाढायची. वरण ताटाच्या काठावर सांडायचं. मी शेजारी जाऊन बसलो की म्हणायची, "जाय बे विजू, बाहेर खेळ. माह्यं पाठ करणं चालू हाये." तोवर मला जग म्हणजे ताई असंच वाटत होतं आणि ती मला बाहेर हाकलत होती. दिलीप लहान होता, त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. बुलढाण्याला राहायची सोय आहे हे मी ऐकलं होतं. म्हणजे ती जाणार. मला मायच्या हाती सोडून जाणार. मी तिला एकदा विचारलंही, "तू गेली तं मले कोन वागोईन?" ती हसली. "घोडा झाला आता तू. तुलेच दुसऱ्याले वागवा लागीन." मला ते हसणं लागलं. कांद्याची युक्ती मला वर्गातल्या एका पोरानं सांगितली होती. काखेत सोललेला कांदा धरला की अंग तापतं, असं तो म्हणायचा. त्याचं अंग खरंच तापलं होतं की त्याची आई भोळी होती, देव जाणे.

पहिला पेपर मराठीचा. परीक्षेचं केंद्र जळगावला. त्या आठवड्यात आमचा गहू सोंगायला, म्हणजे कापायला, मजूर लावलेले होते, त्यामुळं मायला शेतात जाणं भागच होतं. दिलीप अजून शाळेत जात नव्हता, त्याला शेजारच्या सखूकाकू सांभाळणार होत्या, मी शाळेत जाणार होतो. सगळं जुळवून ठेवलं होतं आणि ते ताईनं एकटीनं जुळवलं होतं. तिनं केस धुऊन दोन वेण्या घातल्या होत्या, बाईंनी दिलेला पेन रुमालात गुंडाळून कमरेला खोचला होता. मी उठलोच नाही. कण्हायला लागलो. खाटेखाली नवा कांदा पसरलेला असे, त्यातला एक मी आधीच सोलून घेतला होता.

ताई आली, कपाळावर हात ठेवला. "अंग तं गरम नाई वाटत माय."

"तू डॉक्टरीन हायेस का?" म्हणत माय आली. तिनं माझ्या कपाळाला हात लावला नाही. तिनं माझ्या सदऱ्यातून हात सरळ काखेत घातला. तिच्या बोटांना कांदा लागला. एवढ्या जवळून तिनं माझ्याकडं कधी पाहिलं नसेल. तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "फणफणून राह्यलं लेकरू. अंदरून ताप हाये याले."

"मंग सखूकाकूपाशी ठेवू ना यालेही," ताई म्हणाली.

"दुखण्याचं लेकरू दुसऱ्याच्या घरी टाकू? लोकं काय म्हंतीन मले? तिकडं दहा मजूर येऊन उभे असतीन वावरात."

ताई बाबांकडं वळली. बाबा सायकलची हवा पाहत होते. त्याच केंद्रावर त्यांना पर्यवेक्षक म्हणून जायचं होतं. ते रजा टाकू शकले असते. मायला म्हणू शकले असते की एक दिवस गहू थांबेल. माझ्या कपाळाला हात लावून बघू शकले असते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बसू पोरी. परीक्षा काही पळून जात नाई." आणि सायकलीवर बसून ते दुसऱ्यांच्या पोरींवर देखरेख करायला गेले. थोड्या वेळानं फाट्यावरून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. ताई दारात उभी होती. हॉर्न पुन्हा वाजला. मी तेव्हा उठून बसलो असतो, नुसतं म्हणालो असतो 'जाय ताई', तर ती पळत जाऊन गाडी धरू शकली असती. तिचे पाय तसे होते. मी डोळे मिटून घेतले.

दिवसभर तिनं माझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं, फुंकून फुंकून भरवली. मला कडकडून भूक लागली होती, मी वाटीभर खाल्ली, आणखी मागितली. ती खूश झाली. "उतरून राह्यला ताप," म्हणाली. तिच्या कमरेला पेन तसाच खोचलेला होता.

संध्याकाळी बाबा आले, पाय धुतले, आणि पुसता पुसता म्हणाले, "तुह्या नंबराचा बाक खाली होता. पाहून आलो मी." का सांगितलं त्यांनी ते? मी आयुष्यभर विचार केला आहे. त्यांना वाईट वाटलं होतं, असं दिलीप म्हणतो. वाटलं असेल. वाईट वाटून घेण्यात ते हुशार होते. माय शेतातून आली ती थेट माझ्या अंथरुणापाशी. गोधडी झटकली, कांदा खाली पडला, कोमेजलेला, पिवळा. तिनं तो उचलला. ताई चुलीपाशी पाठमोरी होती. मायनं तो कांदा बुक्कीनं फोडला, मिरच्यांबरोबर ठेचला आणि माझ्या भाकरीवर ठेवला. एक शब्द बोलली नाही, ना तेव्हा, ना नंतर. मी ती भाकर खाल्ली. त्या दिवसापासून माय आणि मी एकमेकांचे झालो, असं म्हटलं तरी चालेल. त्याआधी मी फक्त ताईचा होतो. मायनं मला कधी मारलं नाही त्यानंतर. मला तिची भीती वाटायची आणि तिला माझी.

पुढच्या वर्षाची परीक्षा आलीच नाही. त्याआधी लोणारकडून स्थळ आलं. माणूस बिजवर होता, पहिल्या बायकोची दोन लेकरं होती. पाहुणे ओट्यावर बसले. त्यांच्यातल्या म्हातारीनं विचारलं, पोरीले काय काय येते? आणि माझ्या मायनं, फुशारकीनं, गूळ वाटावा तसं सांगितलं, "माह्या रत्नानं दोन लेकरं वागोली. बोट लावू देल्लं नाई मले." म्हातारीचं तोंड उजळलं. त्यांना तेवढंच हवं होतं. बाबा खाली बघत बसले होते. बाई तेव्हा बदली होऊन गेल्या होत्या. ताई जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, गेल्या गेल्या एक परकं लेकरू तिच्या कडेवर बसलं, मग दुसरं, मग तिची स्वतःची तीन. एक गोष्ट मी कधी विसरत नाही. ज्या कामासाठी तिला बुलढाण्याला पगार मिळाला असता, तेच काम तिनं उभं आयुष्य केलं, आणि त्याबद्दल कुणी तिला आजवर साधं 'बस थोडी' म्हटलं नाही.

मी शिकलो. ताई पहिल्या पाच वर्षांत माहेरी आली ती माझ्यासाठी तिळाचे लाडू घेऊनच. नोकरी लागली तेव्हा गावानं माझा सत्कार केला. बाबांच्या संस्कारांवर तिघे बोलले. मीही उठून बाबांवरच बोललो. ताई मागं बसली होती, नातवंडं घेऊन आलेल्या बायकांत, आणि यावेळी तिचे दोन्ही हात मोकळे होते.

माय गेली त्याला आता दीड वर्ष झालं. बाबा आधीच गेले होते. मायचं शेवटचं दुखणं लांबलं. दिलीपनं ताईला चार वेळा निरोप धाडला, ती आली नाही. आली ती माय गेल्यावर. दिलीपची बायको तिला टाकून बोलली, मीही बोललो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मंडळी जेवून पांगली, आणि ताई मला म्हणाली, "विजू, जरा अथी बस." ओट्यावर आम्ही दोघंच होतो. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"एक विचारू? खरं सांगशीन?"

"विचार ना ताई."

"त्या परीक्षेच्या दिवशी तुले ताप होता का रे?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न कधी आला तर मी रडेन, पाय धरेन. मला घाम फुटला नाही की काही नाही. वर्गात शिकवतो त्या आवाजात मी म्हणालो, "होता ना ताई. लय होता. शुद्ध नव्हती मले."

ती स्वतःच्या तळहाताकडं बघत बसली. मग म्हणाली, "म्या हात लावून पाह्यला होता. मले नाई वाटला. मले वाटे, मायले मले जाऊच द्याचं नव्हतं, म्हनून खोटं बोलली. तोच राग धरून राह्यली मी. म्हनून नाई आली रे मी तिच्या दुखण्यात. मुद्दाम नाई आली. वाटे, झुरू दे." आणि ती रडायला लागली. मी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, परीक्षेच्या दिवशीही नाही, लग्नातही नाही. "मरत्या मायले पाणी नाई पाजलं म्या. कशासाठी, तं माह्याच मनच्या खोट्यासाठी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणालो, "जाऊ दे ताई." असं म्हणालो मी.

गाडीत बुलढाण्याला परतताना मी स्वतःला समजावलं की मेलेल्या मायची अब्रू राखली, ताईच्या मनातली अढी काढली. घाट चढेपर्यंत मी ते मानलंही. आता मला त्या समजावणीचीच शिसारी येते. मी मायला वाचवलं नाही, मी मला वाचवलं, आणि त्याची भरपाई पुन्हा ताईकडून घेतली. भाचा फोनवर सांगतो, आई दर पौर्णिमेला आजीच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून माफी मागते. उपास धरते. तिची शुगर वाढली आहे. तिच्या आयुष्यात एकच राग होता, आणि तो पुरेपूर खरा होता, तिच्या स्वतःच्या तळहातानं पारखून घेतलेला. तो मी एका वाक्यात खोटा ठरवला, आणि तिच्या कडेवर माफी मागणं बसवलं.

ती वाचते. हळू वाचते, बोट ठेवून, पण माझं छापलेलं सगळं वाचते. हे प्रकरण तिच्या हाती पडायच्या आधी मला लोणारची गाडी धरली पाहिजे. हे तिला पुस्तकातून कळणं म्हणजे मी तिसऱ्यांदा अंथरुणात तोंड लपवणं होईल. ती मला घराबाहेर काढेल, किंवा काढणार नाही. ते तिचं ती बघेल. मला ताप नव्हता, मायला ते ठाऊक होतं, आणि ताईचा मायवरचा राग रास्त होता, एवढं तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून सांगणं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.